बस्त्यावसाठी सोडलेली जागा

सेलेस्तीन तुस्कानोच्या कामातला सगळ्यात नावाजलेला भाग म्हणजे तिने जिथे काहीच लिहिलं नव्हतं तो.

हे लोकांना समजावण्यात तिची निम्मी हयात गेली. वसईच्या ‘समुद्रवारा’ बँडची ती अरेंजर. म्हणजे गाणं कुणाचंही असो, त्यात ट्रम्पेटनी कुठे बोलायचं, ट्रॉम्बोननी कुठे गुरगुरायचं, सॅक्सोफोनच्या रांगेने खालून मऊ सुरांची गादी कुठे घालायची, हे ठरवून ती प्रत्येक वादकाला त्याचा त्याचा कागद लिहून देई. कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली घरं आणि घरांमध्ये सूर. मग मध्येच एका ठिकाणी सूर संपत आणि घरं रिकामी पडत. प्रत्येक घरात नुसत्या तिरक्या रेघा, वर कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जोडणीचं, नाव. याचा अर्थ, इथे काय वाजवायचं ते तुझं तू बघ. जॅझमध्ये बाकीचं सगळं खरं तर या जागेसाठीच लिहितात. भोवती लिहिलेली साथ चालू असते आणि तिच्या मधोमध एक माणूस उभा राहून त्या क्षणी सुचेल ते वाजवतो; तो सोलो. सेलेस्तीनची नणंद एकदा भर लग्नात म्हणाली होती, आमची वहिनी दिवसभर बसून कोरी पानं लिहिते. सेलेस्तीनने ते प्रशस्तिपत्र समजून ठेवून घेतलं.

त्या रिकाम्या घरांमध्ये उभा राहणारा माणूस म्हणजे तिचा नवरा बस्त्याव. टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. अंगाने भरलेला, स्वभावाने मोकळा, आणि सोलो संपल्यावर टाळ्या वाजत असताना आपला यात काही हात नाही असा चेहरा करण्यात तरबेज. बँड सकाळी मयताला वाजवी, दुपारी लग्नाला आणि संध्याकाळी जॅझ. कोट तोच असे, टाय तेवढा बदले.

तेव्हा खाडीवरच्या फेरीबोटी नावाड्याशिवाय चालायला लागल्या होत्या; तिकीट तपासायला मात्र माणूसच ठेवलेला होता. केळीच्या वाड्यांना पाणी कधी द्यायचं हे उपग्रह ठरवत होता आणि दिलं की नाही हे शेजारी बघत होते. अशा काळात बँडमध्ये एखादं यंत्र आलं तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

यंत्र घेऊन आली शाल्मली गद्रे. पुण्याच्या एका ध्वनिसंशोधन संस्थेत ती काम करत होती, वयाने तिशीच्या आतबाहेर, आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची तिला सवय होती. यंत्राचं अधिकृत नाव बँडमधल्यांनी नीट ऐकून घेतलं, पुन्हा विचारलं, आणि त्याला जोशीबुवा म्हणायला लागले.

शाल्मलीने समजावलं ते असं. माणूस सूर वाजवतो त्याआधी त्याचं शरीर तयारी करतं. किती श्वास लागणार ते बरगड्यांमधले स्नायू आधीच ठरवतात, जीभ जागा घेते, बोट खाली पडण्यापूर्वी हाताला हुकूम पोचलेला असतो. हा सगळा मामला डोळ्याचं पातं लवण्याइतका, पण मोजता येतो. छातीला एक पट्टा बांधला आणि हनुवटीखाली एक पट्टी चिकटवली की शरीराची ही कुजबुज ऐकू येते. त्यातून पुढचा एक सूर कळतो. त्यापलीकडचं काम सवयीचं. फोनवर आपण दोन शब्द लिहिले की तिसरा तो सुचवतो, कारण आजवर आपण काय काय लिहिलं ते त्याने ध्यानात ठेवलेलं असतं. तशी बस्त्यावची जुनी रेकॉर्डिंग्ज जोशीबुवाच्या पोटात घातली की हा माणूस इथून कुठे जाणार हे त्याला चार घरं आधी सांगता येतं. मग बाकीच्यांसमोरच्या पडद्यांवर सेलेस्तीनने लिहिलेले साथीचे सूर तो किंचित इकडेतिकडे सरकवतो. सोलो वाजवणारा उंच सुरावर पोचला की त्याच क्षणी सगळा बँड तिथे हजर. अंदाज बरोबर ठरत असेल तोवर यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला राहतो. चुकला की विझतो.

पट्टा बस्त्यावच्या छातीला पुरला असता, पण छाती नेमकी कुठे संपते याबद्दल मतभेद झाले. शेवटी दोन पट्टे जोडले.

पहिल्या तालमीत सेलेस्तीनच्या अंगावर काटा आला. बस्त्यावने वर झेप घेतली आणि ट्रम्पेट त्याच्याबरोबर उठले. तो खाली घसरला तर ट्रॉम्बोननी खाली हात धरला. जणू पूर्ण बँड एकाच डोक्याने सुचेल ते वाजवत होता. पुढच्या कार्यक्रमाला लोक उभे राहिले. बस्त्याव खूश होता. यंत्रालाही माझं म्हणणं पटतंय, असं त्याने दोन-चार ठिकाणी बोलूनही दाखवलं.

दिवा विझत नाही हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

एकदा ध्यानात आल्यावर मात्र त्याला दुसरं काही दिसेना. त्याने सोलो उलट्या टोकापासून सुरू करून पाहिला. हिरवा. मुद्दाम चुकीचा सूर लावला. हिरवा, शिवाय ट्रॉम्बोननी तो चुकीचा सूर इतक्या मायेने सांभाळला की तो बरोबर वाटला. प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवलं, उपाशीपोटी वाजवलं, ट्रॉम्बोनच्या रांगेचा म्होरक्या दुमिंग घोन्सालविस याच्याशी भांडून आल्याआल्या वाजवलं. एकदा तर तो नुसता गप्प उभा राहिला. घरामागून घरं गेली. दिवा हिरवाच, आणि पडद्यांवर सगळ्यांना थांबायची खूण आधीच आलेली होती.

मग तो घरातही तसं वागायला लागला. बाजारात कोळणीने त्याला बघताच बोंबील निवडायला घेतले, तर म्हणाला, आज मांदेली दे. घरी आल्यावर तोंड वाकडं करून म्हणाला की मला मांदेली आवडत नाहीत. सेलेस्तीनने अंड्याची पोळी घातली. जेवता जेवता तो ताटाकडे बघत राहिला.

“सेले,” तो म्हणाला, “मी समजत होतो मला सुचतं.”

“सुचतंच की.”

“नाही. मला आठवतं.”

ती ताट उचलायला उठली.

बँडच्या पन्नाशीचा कार्यक्रम जवळ आला होता. किल्ल्याजवळच्या मैदानावर मांडव, आर्चबिशपांच्या प्रतिनिधींपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना आमंत्रणं. बस्त्यावने तालमीला सगळ्यांसमोर, अगदी नम्रपणे, जाहीर करून टाकलं. त्या दिवशीचा सोलो शेवटचा. त्यानंतर तो रांगेत बसून कागदावरचं वाजवेल. सोलोची जागा जोशीबुवाने भरावी. त्याला आपलं सगळं पाठ आहे. हे शक्य आहे ना, असं त्याने शाल्मलीला विचारलं. शाल्मलीने शक्य आहे असं सांगितलं, आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

सेलेस्तीनने रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिने तिथल्या तिथे शाल्मलीला सांगितलं की यंत्र उचल आणि पुण्याला घेऊन जा. शाल्मली तयारही झाली. बिचारी वायरी गुंडाळायला लागली. पण बस्त्यावनेच तिला थांबवलं.

“दिवा बंद केला म्हणजे जोशीबुवा चुकला असं होत नाही,” तो म्हणाला. “मला माहीत आहे ना, लावला तर हिरवाच लागेल.”

हे बरोबर होतं, आणि नवऱ्याचं म्हणणं बरोबर असलं की सेलेस्तीनला जे वाटायचं तेच वाटलं. ती चिडली.

पुढची चाल अनपेक्षितपणे विज्ञानाकडून आली. शाल्मलीला आपल्या प्रयोगावर लेख लिहायचा होता. पण कधीच न चुकणारं यंत्र असा दावा केला तर तपासणारे म्हणतील, बाईंनी दिव्याला थेट बॅटरी जोडली आहे. म्हणून तिला तुलनेसाठी बस्त्यावचं एकट्याचं वाजवणं हवं होतं, कुणाच्याही साथीशिवाय. तो तुस्कानोंच्या मागच्या पडवीत, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधे उभा राहिला आणि नाराजीनेच वाजवायला लागला. सेलेस्तीन स्वयंपाकघराच्या दारात कांदा चिरत होती.

दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

शाल्मलीने जोडणी तपासली. पट्टा सैल झाला असेल, टॉवेल ओले आहेत, हवेत दमटपणा आहे, अशी कारणं तिने शोधली. बस्त्याव डोळे मिटून वाजवत होता, त्याला यातलं काही दिसलं नाही. सेलेस्तीनने मात्र सुरी खाली ठेवली. माणूस तोच, श्वास तोच, जोशीबुवा तोच. फक्त एक गोष्ट पडवीत नव्हती. तिने स्वतः लिहिलेली साथ.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम होती. तिने यंत्र बंद ठेवायला सांगितलं, पडद्यांवर आपले मूळ कागद जसेच्या तसे लावले आणि बस्त्यावला चहा प्यायला बाहेर पाठवलं. मग बँडला म्हणाली, तोच सोलोचा भाग वाजवा, पण सोलोशिवाय. नुसती साथ.

बँडने वाजवलं. भाग संपल्यावर दुमिंगने ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला आणि विचारलं की सेलेबाय, यात वेगळं काय केलंत.

“बस्त्याव नव्हता,” सेलेस्तीन म्हणाली.

“होता की. मला ऐकू येत होता.”

रांगेतले बाकीचेही माना हलवायला लागले. ड्रमवाला म्हणाला, त्यालाही ऐकू आला. एकाने तर सोलो गुणगुणून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सेलेस्तीन तिथेच खुर्चीवर बसली. तिला सगळं स्वच्छ दिसलं. बस्त्यावचे वडील गेले त्या वर्षी एका कार्यक्रमात तो सोलोमध्ये वाट चुकला होता, आणि भर स्टेजवर सॅक्सोफोन छातीशी धरून नुसता उभा राहिला होता. त्यानंतर तिने त्या जागी साथीत एक लहानसा आधार घातला, चौथ्या घरात ट्रम्पेटची हलकी चढण, म्हणजे त्याला कळावं की आता वर जायचं. पुढच्या गाण्यात आणखी एक. एकेक कठडा, प्रेमाने, कुणाला न सांगता. कोणत्याही अरेंजरला हा मोह होतो. पण कोणताही अरेंजर सोलो वाजवणाऱ्याला रोज सकाळी चहा करून देत नाही. अशी वर्षं गेली, आणि ती ज्याला मोकळी जागा म्हणत होती तिथे दोन्ही बाजूंनी कठडे असलेला एक जिना तयार झाला होता. त्यावरून माणूस एकाच ठिकाणी पोचू शकत होता. जोशीबुवाला बस्त्यावचं मन कळत नव्हतं. त्याला फक्त जिना माहीत होता.

तिने हे बस्त्यावला घरी सांगितलं. त्याला हायसं वाटेल अशी तिची समजूत होती. तो बराच वेळ चपला शोधत राहिला. त्या पायातच होत्या.

“म्हणजे टाळ्या तुझ्या होत्या,” तो म्हणाला.

“असं कुठे म्हटलं मी?”

“तू नाही म्हणालीस. दुमिंगला सोलो ऐकू आला तेव्हा मी कुठे होतो? चहा पीत होतो.”

मग त्याने सांगितलं, सगळं काढून टाक. एकही आधार नको. हवं तर पडू दे मला.

तिने काढलं. सोलोच्या वेळी फक्त खर्जाचा बास आणि ड्रम. बाकीचा बँड हाताची घडी घालून. पहिल्या दिवशी दिवा छान विझत राहिला आणि बस्त्यावने वाटेत थांबून सगळ्यांना भजी खायला घातली. पण तालमी होत गेल्या तसा दिवा पुन्हा स्थिर व्हायला लागला. सवयी लावून घ्यायला एकट्या माणसाला कुणाची मदत लागत नाही. त्याने स्वतःपुरता नवा जिना बांधून घेतला होता, आधीच्यापेक्षा अरुंद. शिवाय त्या मोकळ्या मैदानात तो इतका एकटा दिसायचा की दुमिंग म्हणाला, याला पाहून मला उगीचच मयताची आठवण येते. शेवटच्या सोलोचा निर्णय कायम आहे, हे मात्र बस्त्यावच्या पाठीवरूनही कळत होतं.

समारंभाच्या आधीच्या रविवारी नंदाखालला एक लग्न होतं. शाल्मलीलाही आमंत्रण होतं. वसईत पाहुणा आठवडाभर राहिला की त्याला लग्नाचं आमंत्रण येतंच. नवरीची गाडी रस्त्यातच एका भाजीच्या ट्रकमागे अडकली. वऱ्हाड चर्चच्या दारात, बँड रस्त्यावर, आणि ठरलेली गाणी वाजवून संपली. अशा वेळी थांबता येत नाही. बँड थांबला की वऱ्हाड भांडायला लागतं. म्हणून अशा वेळेसाठी बँडची जुनी रीत होती, आणि ती इतकी जुनी होती की सेलेस्तीनने तिच्याकडे कधी कामाची गोष्ट म्हणून पाहिलंच नव्हतं. कुणाकडे कागद नाही. दुमिंगने शेजाऱ्याच्या कानात एक तुकडा गुणगुणला, त्याने पुढच्याच्या, आणि रांग तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागली. त्यावर बस्त्याव काहीतरी वाजवू लागला. त्याच्या वाजवण्यातलं एक वळण ट्रम्पेटवाल्यांना आवडलं, त्यांनी ते उचललं. ते ऐकून दुमिंगने आपला तुकडा टाकून दिला आणि दुसरा गुणगुणला. मग बस्त्यावला तिथून निघावं लागलं. तो निघाला तो भलतीकडेच. आणि हसत होता, म्हणजे तोंडात सॅक्सोफोन असताना जितकं हसता येतं तितका.

सेलेस्तीन नवरीच्या मावशीशी बोलत होती. तिने वाक्य अर्धवट सोडलं. तिला कळेना की तो पुढे काय वाजवणार.

जेवणाच्या टेबलावर तिने शाल्मलीला विचारलं की जोशीबुवा असता तर त्याचं काय झालं असतं. शाल्मलीने उत्तरादाखल नॅपकिनची कडेची दोरी उसवली आणि तिला एक चमचा बांधून झुलवला. घड्याळाच्या लंबकासारखा हा पुढे कुठे असेल ते शाळेतलं पोरही सांगेल, ती म्हणाली. मग तिने त्या चमच्याच्या टोकाला दुसऱ्या दोरीने दुसरा चमचा बांधला आणि पुन्हा झोका दिला. वरचा एकीकडे, खालचा दुसरीकडे. खालच्याने हिसका दिला की वरचा अडखळे, तो अडखळला की खालचा गरकन फिरे. दोन्ही चमचे अगदी सरळमार्गी, नियम सोडून काही करत नाहीत. पण एकमेकांना ओढायला लागले की सुरुवातीचा केसाएवढा फरकही वाढत वाढत जातो, आणि थोड्या वेळापुढचं कुणालाच सांगता येत नाही. सगळ्या बँडला पट्टे बांधले तरी नाही. फार तर पुढचा सूर कळेल. त्यापुढे काळोख.

“म्हणजे माणूस एकटा असताना मोकळा नसतो,” सेलेस्तीन म्हणाली.

शाल्मलीने आपल्याला याबद्दल काही माहीत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. तिचं लग्न झालेलं नव्हतं. मग खालचा चमचा सुटून वड्यांच्या रश्श्यात पडला आणि विषय तिथे थांबला.

सेलेस्तीनने नवा कागद लिहिला. सुरुवात लिहिली, शेवट लिहिला, आणि मधे सोलोची रिकामी घरं ठेवली. पण या वेळी तिरक्या रेघा फक्त बस्त्यावच्या कागदावर नव्हत्या. सगळ्यांच्या होत्या. वर एवढीच सूचना: बस्त्यावने श्वास घेतला की त्याच्या शेवटच्या तुकड्यातलं जे आवडेल ते उचला, रांगेत कानोकान द्या आणि वाजवा. नाही आवडलं तर दुसरं द्या. बस्त्यावने त्याला उत्तर द्यायचं. हे सगळं कधी संपवायचं ते सेलेस्तीन हाताने सांगेल. मूठ म्हणजे या आवर्तनानंतर शेवट. एक बोट म्हणजे अजून एक आवर्तन.

बँडमध्ये खळबळ उडाली. रस्त्यावरचं रस्त्यावर ठीक आहे, पण स्टेजवर, आर्चबिशपांच्या प्रतिनिधींसमोर? आणि तालीम?

तालीम नाही, सेलेस्तीन म्हणाली. तालीम केली की पाठ होईल.

दुमिंगने सगळ्यांच्या वतीने तक्रार केली. “कागदावर काही नाही, सेलेबाय. मी बघू कुठे?”

“बस्त्यावकडे.”

“इतकी वर्षं मला त्याची पाठच दिसते.”

हे खरं होतं. सोलो वाजवणारा पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. बँड त्याच्या मागे. सेलेस्तीनने खुर्च्या उचलायला लावल्या आणि बँड घोड्याच्या नालासारखा बसवला, बस्त्याव मधे, सगळे त्याच्या नजरेत आणि तो सगळ्यांच्या. बस्त्यावने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ठीक आहे, शेवटचाच तर आहे. पट्टा मात्र बांधा. पडदे आणि दिवाही चालू ठेवा. मला बघायचंय.

समारंभाच्या संध्याकाळी वारा होता. भाषणं ठरल्याप्रमाणे ठरल्यापेक्षा लांबली. नगरसेवकाने जॅझ ही मूळ आपलीच कला आहे असं सूचित केलं आणि टाळ्या मिळवल्या. शाल्मली कडेला जोशीबुवाजवळ बसली होती.

गाणं सुरू झालं. लिहिलेला भाग नीट पार पडला. मग बस्त्याव उठला, नालाच्या मधोमध आला, आणि त्याने यंत्राकडे पाहिलं. दिवा हिरवा. त्याने सुरुवात केली ती त्याच जुन्या वळणाने. एवढ्या लोकांसमोर माणूस ओळखीच्याच रस्त्याने निघतो. त्याने श्वास घेतला. आता रांगेने काहीतरी द्यायचं होतं. रांग घाबरून एकमेकांकडे बघत राहिली. काही आलं नाही. सेलेस्तीनच्या हातात आता एकही कठडा नव्हता. बस्त्याव पुन्हा एकटा निघाला, त्याच जिन्याने, आणि तिला त्याच्या खांद्यांवरून दिसलं की तो आता नुसता संपवायच्या तयारीत आहे.

तेवढ्यात दुमिंग चुकला. श्वासाची वाट न बघताच, भीतीने, मधेच घुसला. आणि जो तुकडा त्याच्या तोंडी आला तो मयताच्या मिरवणुकीतला होता, तोही जॅझच्या चालीत, म्हणजे शवपेटी उड्या मारत निघाल्यासारखा. पहिल्या रांगेत आर्चबिशपांचे प्रतिनिधी किंचित पुढे झुकले.

बस्त्याव वळला. इतक्या वर्षांत त्याने वाजवताना दुमिंगकडे कधी पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर त्याला दुमिंगचे लाल झालेले गाल आणि वटारलेले डोळे दिसले. त्याने तो तुकडा उचलला, शेपटीकडून धरला आणि उलटा करून परत फेकला. दुमिंगला तो झेलावाच लागला. त्याने तो शेजाऱ्याच्या कानात घातला. ट्रम्पेटवाल्यांनी त्यातली निम्मी अक्कल घेतली आणि निम्मी स्वतःची घातली. ड्रमवाला इतका वेळ सभ्यपणे वाजवत होता, तोही माणसात आला. बस्त्याव एका ट्रम्पेटकडे वळला, तिथून काहीतरी घेऊन ट्रॉम्बोनकडे, आणि मधेच अचानक अगदी हळू, एकच सूर धरून उभा राहिला. तर सगळा बँड त्या सुराभोवती पाऊल न वाजवता जमा झाला. हे कुणी लिहिलं नव्हतं. हे लिहिता आलं नसतं.

पडद्यांवर सूर यायचे थांबले होते. सगळीकडे एकच ओळ होती: ‘ऐकत आहे’. दिव्याकडे शाल्मली सोडून कुणीच बघत नव्हतं, आणि तीही थोड्या वेळाने बघायची थांबली.

सेलेस्तीनने हात वर केला. आता मूठ दाखवायची, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं; या सोलोचा शेवट इथे बसतो, हे तिला जन्मभराच्या अनुभवाने कळत होतं. मग बस्त्यावने जे केलं त्याने तिला कळेना की शेवट इथे बसतो की नाही. ती हात हवेत ठेवून उभी राहिली. समोरच्या माणसाबरोबर तिने संसार केला होता, आणि आत्ता पुढच्या घरात तो काय करेल याची तिला काडीची कल्पना नव्हती. तिला भीती वाटायला हवी होती. ती हसत होती.

ट्रॉम्बोनची पाळी आली तसा बस्त्याव श्वास घ्यायला थांबला. घामाने निथळत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, भुवई उचलून, विचारल्यासारखं. तिने मूठ न वळता एक बोट दाखवलं. अजून एक आवर्तन.

बस्त्यावने मान हलवली. नाही.

मग त्याने सॅक्सोफोनवरचा एक हात सोडवला, कोटाला पुसला आणि दोन बोटं वर केली.